टेकडीखालचं शेत

गोजराबाईंना दुपारची झोप लागली की त्यांच्या फ्लॅटमध्ये पाणी भरायचं. खरं पाणी नव्हे. खरं पाणी सोसायटीत दिवसातून दोनदा तासभर यायचं आणि त्याचीही बोंब होती. हे पाणी स्वप्नातलं. ते आधी स्वयंपाकघराच्या लाद्यांवर चढायचं, मग फ्रिजच्या पायांशी यायचं, मग दिवाणाखाली शिरायचं आणि बघता बघता टीव्हीच्या जागी बगळे उभे दिसायचे. भिंती कुठे जायच्या कोण जाणे. समोर भाताचं शेत, शेताला वळसा घालून गेलेला मातीचा उंच बांध, बांधापलीकडे खाडी आणि बांधावरून चालत निघालेले वडील. खांद्यावर फावडं, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. गोजराबाई त्यांच्या मागून चालायच्या. स्वप्नात त्या नऊ-दहा वर्षांच्या असत आणि त्यांचे गुडघे अजिबात दुखत नसत. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ते स्वप्न रोज पडावं असं होतं.

वडील चालता चालता विचारायचे, "गोजरा, पानी किती आयला?"

त्या सांगायच्या, "उघाडीपर्यंत." उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं खारं पाणी बाहेर अडवायचं आणि शेतात साचलेलं पाणी ओहोटीला सोडायचं, हे त्या दाराचं काम. वडील मान हलवायचे आणि पुढे जायचे. वळून मात्र बघायचे नाहीत. पूर्वी वळायचे. गेल्या पावसाळ्यापासून ते वळेनासे झाले, आणि मग गोजराबाईंच्या लक्षात आलं की जागेपणीसुद्धा आपल्याला त्यांचा चेहरा नीट आठवत नाही. घरात त्यांचा फोटो एकच, तोही कुणाच्या तरी लग्नातला, आणि त्यात नेमका त्यांच्या तोंडासमोर कुणीतरी हार धरलेला. सहासष्टाव्या वर्षी बाईला बापाचा चेहरा आठवू नये याची त्यांना लाज वाटायची आणि भीतीही वाटायची. आज चेहरा गेला, उद्या चाल जाईल, परवा आवाज.

गंमत अशी की त्या राहत होत्या ती इमारत त्याच शेतावर उभी होती. जासई गावाच्या पुढे खाडीच्या अंगाला सगळी भातशेती सरकारने घेतली, त्यावर भराव पडला, रस्ते झाले, सेक्टर पडले. मोबदल्यात, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के, असे प्लॉट वाटले गेले तेव्हा गोजराबाईंच्या माहेरच्या घराला नशिबाने आपल्याच शेताचा तुकडा परत मिळाला. त्यावर बिल्डरने सात मजले चढवले. तळमजल्यावरचा फ्लॅट गोजराबाईंचा, दुसऱ्या मजल्यावरचा त्यांच्या धाकट्या भावाचा, कमळाकरचा. आणि ही सख्खी भावंडं एकोणीस वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती.

त्याचं कारण सोसायटीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ होतं. शेतावर भराव टाकायचं काम निघालं तेव्हा जे डंपर लागले त्यातला एक कमळाकरचा होता. दुसऱ्याच्या शेतात त्याने काय टाकलं त्याचं गोजराबाईंना काही नव्हतं. पण बापाच्या शेतातही त्यानेच टाकलं. "माज्या बापाचा शेत माज्या भावानं गाडला," असं त्या एकदा म्हणाल्या आणि तोंडाला कुलूप लावलं. तळमजल्यावरच्या माणसाला लिफ्ट लागत नाही, ही त्यातल्या त्यात देवाने केलेली सोय. गणपतीत आरतीला दोघं उभे राहत ते टोकाला टोक. काही सांगायचंच झालं तर मधे तिसरं माणूस लागायचं. "त्यांना सांगा, टाकीचा व्हॉल्व बंद करा." "तिला सांगा, केलाय." दोघांच्या मधे हातभर अंतर असलं तरी तिसऱ्याने ते बोलणं इकडून तिकडे न्यायचं, असा रिवाजच पडला होता.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. इमारतीच्या मागच्या पट्ट्यात दुचाक्यांसाठी पेव्हर ब्लॉक बसवणार, काम रविवारी सुरू. मागचा पट्टा म्हणजे इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली लांबट उघडी जागा. तिथे मांजरं ऊन खात आणि गवत आपल्या मनाने उगवे. पुढे काँक्रीट, बाजूला काँक्रीट, खाली पार्किंग. बापाच्या शेतावर आभाळ दिसेल अशी तेवढीच जागा उरली होती, आणि आता तीही जाणार होती. गोजराबाई नोटीस वाचून घरी आल्या आणि न जेवता दिवाणावर बसून राहिल्या. त्या दिवशी त्यांना झोप आली नाही, म्हणून पाणीही आलं नाही.

त्यांनी मनाशी एक ठरवलं. रविवारच्या आत खाली जायचं. भरावाच्या खाली अजून ती निळसर काळी खारी माती असेल. ती एकदा हातात घ्यायची, तिचा वास घ्यायचा. त्या वासाबरोबर बापाचा चेहरा येईल अशी त्यांची खात्री होती. का होती ते विचारू नये. म्हातारपणी अशा खात्र्या आपोआप होतात.

सेक्रेटरी इंद्रजित हा बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत नोकरीला. त्याला हे असलं सांगण्यात अर्थ नव्हता. गोजराबाईंनी सरळ थाप मारली. "कुंड्या भरायला माती पायजे. बाग करते घरात. मागची थोडी खनून घेते."

"आंटी, बिनधास्त घ्या," इंद्रजित म्हणाला. "तशीपण वरची माती लेबर उचलून फेकणारच आहे. फक्त संडेला मला जागा क्लियर पाहिजे, तेवढं टेन्शन नका देऊ."

सून भाविका ही थाप ऐकून इतकी खूश झाली की तिने लगेच मोबाइल काढला. सासूबाई दिवसभर गप्प असतात, त्यांना एखादा छंद लागला तर बरंच. "आई, मी मागवते. गार्डनिंगचा पूर्ण सेट येतो." दुसऱ्या दिवशी सेट आला. गुलाबी मुठीचं इवलंसं फावडं, तसाच काटा, तसंच खुरपं आणि फुलाफुलांचे हातमोजे. गोजराबाईंनी ते फावडं हातात धरून बघितलं. त्याने आमटी वाढता आली असती. पण सुनेचं मन मोडू नये म्हणून त्यांनी हातमोजे घालून दाखवले, आणि भाविकाने त्यांचा फोटो काढून हरेशला, म्हणजे आपल्या नवऱ्याला, कंटेनर यार्डात पाठवलासुद्धा.

संध्याकाळी त्या एकट्याच रिक्षाने बाजारात गेल्या. अवजारांच्या दुकानात कुदळी, टिकाव, पहारी, फावडी भिंतीला ओळीने टेकवलेली होती. लोखंडाचा आणि तेलाचा वास येत होता. दुकानदाराने योग्य तोच प्रश्न विचारला. "माती कशी आहे आजी?"

या प्रश्नाने गोजराबाईंचं भान गेलं. डोळ्यांसमोर शेत आलं. "लोन्यासारखी," त्या म्हणाल्या. "पाय टाकला का घोट्यापर्यंत जातो. खारी हाय. दगूड औषदाला नाय मिलनार."

दुकानदाराने भिंतीवरचं सगळ्यात हलकं फावडं काढून दिलं. रुंद, पातळ पात्याचं, लांब दांड्याचं. ओल्या चिखलाला ते अगदी बरोबर होतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. जी माती गोजराबाईंनी सांगितली तिच्यासाठी त्याने हत्यार दिलं होतं, फक्त ती माती एकोणीस वर्षांपूर्वीची होती.

बुधवारी सकाळी त्या मागच्या पट्ट्यात उतरल्या. जागा कुठली हे त्यांना शोधावं लागलं नाही. वडील उघाडीजवळ उभे राहिले की विजेच्या उंच टॉवरच्या बरोब्बर मागे पलीकडच्या टेकडीचं टोक दिसायचं. लहानपणी हरवायची भीती वाटली की आई सांगायची, टॉवर आणि टेकडीचं टोक एका रेषेत धरून चालत राहा, बापाजवळ पोचशील. टॉवर अजून तिथेच होता. टेकडीही होती. गोजराबाईंनी एक डोळा मिटला, दोन पावलं डावीकडे सरकल्या, रेषा जुळली आणि त्यांनी तिथे फावडं मारलं. फावडं टणकन वाजलं आणि हाताला झिणझिण्या आल्या. दुसऱ्यांदा मारलं. चौथ्या घावाला पात्याचा कोपरा कानासारखा दुमडला.

"आक्का, हे कुनी दिलं तुमास्नी?" मागून आवाज आला. पहिल्या मजल्यावरचे शिवराम. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून पस्तीस वर्षं पाठीवर गोणी वाहून आता मुलाकडे आरामाला आलेले. आराम त्यांना सोसत नसे. दिवसभर ते सोसायटीत कुठे काही उचलायचं आहे का ते बघत फिरत.

"दुकानदारानं दिला."

शिवरामांनी फावड्याचा दांडा गोजराबाईंच्या शेजारी उभा धरला. "दांडा छातीला लागाय पायजे, तुमच्या ह्यो कपाळाला लागतुया. आन् पातं चिखलाचं. ह्यो बगा मुरूम हाय, वर रोलर फिरवल्याला. हितं आदी टिकाव. माती फोडायची एकानं, वढायची दुसऱ्यानं. माती बगून हत्यार घ्यावं, आक्का."

"माती मना म्हाईत हाय," गोजराबाई फणकारल्या. "माज्या बापाची हाय."

"व्हय, खाली आसंल. पर वरली कुनाची?"

गोजराबाईंनी नुसतं वर बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वाळत घातलेल्या लुंगीच्या आडून कमळाकर खाली बघत होता. नजरानजर होताच तो लुंगीच्या मागे गेला.

शिवरामांनी घरातून टिकाव आणला. गावाहून येताना त्यांनी तो का आणला होता, ते त्यांच्या मुलाला आजवर समजलं नव्हतं. त्यांनाही त्या बुधवारीच समजलं. एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला चपटी धार, दांडा हातांनी घासून काळा गुळगुळीत झालेला. त्यांनी थुंकी लावून हात चोळले आणि मुरमाची पहिली ढेप उचकटून काढली. गोजराबाई घमेलं भरून बाजूला ओतत राहिल्या. बुधवारी हातभर खड्डा झाला. गुरुवारी कमरेला लागेल एवढा. तांबडा मुरूम संपला आणि खाली दगड लागले, डोक्याएवढे, एकात एक बसलेले. टिकाव त्यांच्यावर नुसता ठिणग्या काढायला लागला.

शुक्रवारी दुपारी गोजराबाई खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसल्या. थंडीतलं ऊन मऊ झालं होतं. शिवराम जेवायला वर गेले होते. खड्ड्यातून गार हवा येत होती, आणि त्यांना वाटलं की आपण खड्ड्याच्या नाही, बांधाच्या काठावर बसलो आहोत, खाली पाणी चमकतं आहे, त्यात चिंबोऱ्या तिरप्या तिरप्या पळताहेत. वडील पुढे निघून चालले होते. त्यांनी हाक मारली, पण स्वप्नातल्या आवाजाला वजन नसतं. वडील लहान लहान होत टॉवरपाशी पोचले आणि टॉवरच्या मागे जिथे टेकडीचं टोक असायचं तिथे काहीच नव्हतं, नुसतं आभाळ. त्या दचकून जाग्या झाल्या. टेकडी होती तिथेच होती. आता फक्त एक दिवस उरला होता, आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला ही माती सापडणार नाही, आणि बापाला आपण कायमचं घालवून बसणार. त्या पदराला तोंड पुसून घरी गेल्या.

शनिवारी सकाळी शिवराम दगडांशी झटत असताना लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला आणि मग लादीवर ठण, ठण असं काहीतरी वाजत पुढे आलं. कमळाकर. गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याची वाटी बदलली होती आणि डॉक्टरांनी काठी सांगितली होती. आज त्याच्या हातात काठी नव्हती, पहार होती. सहा फुटी, एका टोकाला चपटी. डंपरच्या काळात मागच्या फाळक्यात अडकलेले दगड तो हिनेच उचकटायचा. तिच्यावर भार देत देत तो खड्ड्यापाशी आला आणि बहिणीकडे न बघता शिवरामांशी बोलू लागला.

"शिवरामभाऊ, तिला सांगा, खड्डा चुकीच्या जागी हाय."

शिवरामांनी मान वळवली. "आक्का, खड्डा चुकीच्या जागी हाय म्हनत्यात."

"त्यांना सांगा," गोजराबाईंचा आवाज चढला, "टॉवर आनि टेकडीचा टोक एका लाइनीत हाय. आयसनं शिकवलेला. माजी लाइन चुकत नाय."

शिवराम पुन्हा तोंड उघडणार, तोच कमळाकर हळू आवाजात म्हणाला, "तिला सांगा, त्यो टोक नाय. टोक गेला. ही मागची सोंड हाय, टोकावानी दिसते. टोक आमी खनला. दोन वरसां खनला. या सगल्या सेक्टरातला भराव त्यो टोकच हाय." तो थांबला. "तिला सांगा, ती आता टेकडीच्या टोकावर उभी हाय."

शिवरामांनी टिकाव खाली ठेवला.

गोजराबाईंनी पायाखाली बघितलं. तांबडा मुरूम, पांढरट दगड. लहानपणी करवंदं काढायला त्या जिथे चढायच्या त्या वाटेवर असाच मुरूम होता, पायाखालून घसरणारा. मग त्यांनी दूर बघितलं. टेकडी खरंच ठेंगणी होती. रोज बघून बघून त्यांना ती कमी होताना दिसलीच नव्हती. जिच्या खुणेने बापाकडे जायचं ती टेकडीच उठून आली होती आणि बापाच्या शेतावर आडवी झाली होती. त्यांना गरगरल्यासारखं झालं. आपण फार उंचावर उभ्या आहोत आणि खाली, खूप खाली, भात पिकलं आहे असं वाटलं. त्यांनी हात पुढे केला तो आधारासाठी, आणि हाताला लागली ती पहार. तिचं वरचं टोक कमळाकरच्या हातात होतं. क्षणभर दोघांनी ती एकदम धरली होती.

"मंग खरी जागा कुठं, ते विचारा," त्या शिवरामांना म्हणाल्या.

कमळाकर वळला. भिंतीपलीकडे नाल्याचं तोंड दिसत होतं. "उघाडी व्हती तिथंच सरकारनं नाला काढला. टॉवरचा पाय आनि नाल्याचं तोंड, दोन्ही जागचे हलले नाय. बांध सरल या दोघांच्या मदून जायचा." तो पावलं मोजत, लंगडत भिंतीकडे गेला. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्या पावलावर त्याने पहार टेकवली. "इथं. शेतात तं सात फूट भराव हाय, ती आठ दिस खनली तरी पोचनार नाय. पन बांध उंच व्हता. बांधावर वरचा थर पातल हाय."

किती पातळ हे त्याला कसं माहीत, असं कोणी विचारलं नाही. शिवरामांनी टिकाव उचलला. नव्या जागी मुरूम होता, पण त्याखाली मोठे दगड नव्हते. दुपारपर्यंत गुडघाभर खोल गेलं, मग मांडीभर. मग कमळाकरने हात वर केला. "आता टिकाव नको. टिकावानं बांध फुटेल. पहार घ्या. मारू नका, नुसती उचलून सोडा. ती तिच्या वजनानं जाते."

शिवरामांनी पहार उभी धरली आणि सोडली. खट्. उचलली, सोडली. खट्. असं दहा-बारा वेळा झालं. मग एकदा पहार सोडली आणि आवाजच आला नाही. ती हातभर आत गेली होती, कुणी खालून ओढल्यासारखी. शिवरामांनी ती वर ओढायला घेतली तर ती सुटेना. पोत्यांनी घडलेल्या त्या माणसाला दोन्ही पाय रोवून जोर लावावा लागला. मग खालून एक ओला, चोखल्यासारखा आवाज आला आणि पहार वर आली. तिच्या टोकाला वीतभर माती चिकटली होती. निळी, काळी, चकचकीत.

गोजराबाईंनी ती बोटांनी निपटून घेतली. नाकाशी नेली. खारट, कुजकट, शिंपल्यांचा वास. परक्याने नाक दाबलं असतं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. चेहरा आला का? नाही, चेहरा आला नाही. पाय आले. बांधावर माती घालून ती बडवणारे वडिलांचे पाय, टाचांच्या भेगांत हीच माती भरलेली, रात्री आई कोमट पाण्याने ती काढायची आणि पोरं बाजूला बसून बघायची. पाय इतके स्वच्छ दिसले की डाव्या अंगठ्याचं काळं पडलेलं नखही दिसलं. त्यांना तेवढं पुरलं.

मग गोजराबाई मातीकडेच बघत म्हणाल्या, "शिवरामभाऊ, त्यांना विचारा, आपल्या शेतात पयला डंपर कुनी खाली केला?"

"मी," कमळाकर म्हणाला. त्याने शिवरामांची वाट पाहिली नाही. "मुकादम बोल्ला, तुज्या शेताला दुसऱ्याचा डंपर लावतो, तुला बरा वाटनार नाय. मी बोल्लो, नको. परक्यानं कशाला माती द्यायची? मी देतो. पैसे घेतले, खोटा नाय बोलत. पन त्या खेपेचे नाय घेतले." तो पहारीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. "उघाडीच्या खड्ड्यात एक जिताडा मासा अडकलेला. एवढा मोठा. तो धरला, नेऊन खाडीत सोडला. पाया पडलो. मंग लिव्हर खेचला."

शिवरामांना सवय लागली होती. ते वळून म्हणाले, "आक्का, ते म्हनत्यात..."

"ऐकला मी." गोजराबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग त्यांनी भावाकडे बघितलं. नीट, समोरून, एकोणीस वर्षांनी. "आनि मना का नाय बोलावलास?"

कमळाकर पहारीच्या टोकाने मुरूम उकरू लागला.

"बापूस माजा पन व्हता ना रे? तू पाया पडलास, जिताडा सोडलास, माती दिलीस. आनि मी? मना दोन दिसांनी कललं. मोऱ्याच्या बंदरावर मासली घ्यायला गेले, तवा कोलनीनं सांगितलं, तुमचा शेत बुजवला ना? हातात पिशवी धरून मी तिथं उभी. परक्या बाईकडून ऐकला मी." त्यांचा आवाज फाटला. सगळ्या सोसायटीला वाटायचं की त्यांचा राग शेत गाडल्याचा आहे. त्यांनाही तसंच वाटत आलं होतं. "शेत जानारच व्हता, मना काय समजत नाय काय? पन मना हाक नाय मारलीस."

"तू आयली असतीस तं माज्यानं लिव्हर खेचवला नसता, बाय."

"मंग नसता खेचायचास!"

"मंग दुसऱ्यानं खेचला असता," कमळाकर म्हणाला.

गोजराबाई हातातली माती मुठीत घट्ट धरून घरी गेल्या आणि दार लावून घेतलं. भाविकाने विचारलं, "आई, कुंड्या कधी भरायच्या?" त्या म्हणाल्या, "बगू." कमळाकर पहार टेकत टेकत वर गेला. शिवराम खड्ड्यापाशी बराच वेळ बसून राहिले. त्यांना गावाकडची काळी जमीन आठवत होती, पण तिच्याबद्दल ऐकायला आसपास कोणी नव्हतं.

रविवारी सकाळी आठलाच टेम्पो आला. पेव्हरच्या थप्प्या उतरल्या, वाळूचा ढीग पडला. इंद्रजित ट्रॅकसूटमध्ये खाली आला आणि खड्डे बघून त्याने कपाळाला हात लावला. "आंटी, किती कुंड्या आहेत तुमच्याकडे? ठीक आहे, टेन्शन नाय. लेबर भरून घेईल. ए, पहिले ते दोन खड्डे भरा रे."

एका मजुराने फावडं उचललं.

"थांब!" गोजराबाई म्हणाल्या. एवढ्या जोरात की तो खरंच थांबला. त्यांनी सकाळीच अंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसलं होतं. त्या पट्ट्याच्या मधोमध आल्या, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे मान वर केली आणि छाती भरून घेतली.

"कमळ्या!"

सात मजल्यांच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. कोणाच्या हातात चहाचा कप, कोणाच्या तोंडात ब्रश. एकोणीस वर्षांत ज्यांनी या दोघांचे निरोप इकडून तिकडे नेले होते ते सगळे बाहेर डोकवले. गॅलरीतली लुंगी बाजूला झाली.

"ये खाली," गोजराबाई ओरडल्या. "बापाला माती द्यायची हाय. मंग बोलशील बोलावला नाय."

तो आला. गडबडीत त्याच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्यात बायकोची. शिवरामांनी त्याला दंडाला धरून खड्ड्याच्या काठावर आणलं. इंद्रजित काहीतरी बोलणार होता. त्याने दोघांची तोंडं बघितली आणि मोबाइल खिशात ठेवला. मजुरांनी काय समजायचं ते समजून डोक्याची फडकी काढली. कमळाकर मुरमाची मूठ भरायला वाकू लागला, पण गोजराबाईंनी त्याचा हात अडवला.

"मोठी मी हाय," त्या म्हणाल्या आणि पहिली मूठ त्यांनी टाकली. मग बाजूला सरकून त्यांनी भावाला जागा करून दिली.